करोडगिरीच्या नाक्यापलीकडे

सोलापुरातल्या एका छापखान्याच्या दारात थांबा आणि खिसे रिकामे करा. मोबाइल, आधार कार्ड, पाण्याची बाटली, सगळं इथंच राहू द्या. तारीख आहे १० डिसेंबर १९३८. तुमच्या अंगावर धोतर आणि बंद गळ्याचा कोट आहे, डोक्यावर काळी टोपी. पांढरी टोपी घालायचा मोह झाला तरी आवरा, तिच्यापायी पहिल्याच नाक्यावर झडती होईल. तुम्ही पंचविशीतले आहात. वकिलीची सनद नुकतीच हातात पडली आहे आणि गुलबर्ग्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तुम्ही काम शिकता. पक्षकाराच्या कामासाठी सोलापूरला आलो होतो, असं विचारणाऱ्याला सांगायचं. खरं काम वेगळं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या वाटेवर भेटणारी बिननावाची माणसं मी कल्पनेनं उभी केली आहेत. ज्यांची नावं घेईन ती माणसं खरी आहेत, त्या तारखाही खऱ्या.

आत शिरा. रॉकेलचा कंदील, शाईचा वास, भिंतीला टेकलेल्या लाकडी केसी. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून उभा आहे आणि उजव्या हाताची बोटं खिळ्यांच्या घरांतून न बघता फिरताहेत. काना एका घरात, वेलांटी दुसऱ्या घरात, रफार तिसऱ्याच कोपऱ्यात. मराठी जुळवणी म्हणजे चिकाटीचं काम. एक ओळ जुळली की तो ती बोटानं दाबून घट्ट करतो, उलटी अक्षरं सरळ वाचावीत तशी वाचतो आणि गॅलीत सरकवतो. सगळं पान जुळून झालं तरी पत्राचं नाव मात्र त्यानं अजून बसवलेलं नाही. ते अखेरीस बसतं, कारण काल चाललेलं नाव आज चालेलच असं नसतं.

नावांचा हा खेळ निजामाच्या गृहखात्याशी चालला आहे. आनंद कृष्ण वाघमारे यांनी याच वर्षी ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केलं. संस्थानाबाहेर छापायचं आणि आत पाठवायचं. हैदराबाद सरकारनं बंदी घातली की वाघमारे नवं नाव घेत. ‘नागरिक’, ‘संजीवनी’, ‘समर्थ’, ‘सारथी’, ‘संग्राम’, ‘रणदुंदुभी’. बंदीचा हुकूम एका नावावर निघायचा, तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यांपर्यंत पोचेपर्यंत तोच मजकूर दुसऱ्या नावानं गावात आलेला असायचा. आर्य समाजाचं ‘वैदिक संदेश’ही सोलापुरात छापून आत येई. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात या पत्रांना मिळते त्याहून पुष्कळ मोठी जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पुण्या-मुंबईतल्या संपादकांना जामीन भरावा लागे, तुरुंग भोगावा लागे, हे खरंच. पण इथं वाचकालाही तुरुंग होता.

या गावाला छापील अक्षराची किंमत ठाऊक आहे. १९३० साली इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. यांतला कुर्बान हुसेन हा ‘गझनफर’ पत्र चालवणारा तरुण संपादक होता. कंपोझिटर ते नाव घेत नाही, पण तुम्ही निघताना तो हात पुसून नमस्कार करतो.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. दीड वर्षानं, मे १९४० मध्ये, जर्मन फौजा हॉलंडचा ताबा घेतील आणि तिथंही तळघरांतून असेच कागद निघू लागतील. ‘हेट पारोल’ नावाच्या चोरट्या पत्राच्या संपादकांत खेरिट यान फान ह्यूफन खुडहार्ट नावाचा, लायडनला कायदा शिकलेला माणूस असेल. तो १९४४ ला निसटून लंडनला पोचेल, परागंदा डच सरकारचा न्यायमंत्री होईल आणि पुढं संयुक्त राष्ट्रांचा निर्वासितांसाठीचा पहिला उच्चायुक्त. त्याच पत्राचं काम करणाऱ्या तेरा जणांना मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गोळ्या घातल्या जातील. कायदा शिकलेली माणसं बेकायदा पत्राकडे का वळतात, याचं उत्तर त्या थंड देशात आणि या ज्वारीच्या मुलखात एकच आहे. अदालत नोंद घेईनाशी झाली की नोंद दुसरीकडे करावी लागते.

आता बांधाबांध करा. तुमच्याकडे तीन मिसली आहेत, एका शेतीच्या वाटणीच्या दाव्याच्या. प्रत्येक मिसलीत वर अर्जनवीसानं लिहिलेले उर्दू कागद, मध्ये घडी घालून अंक, खाली पुन्हा उर्दू कागद. लाल फीत घट्ट बांधा. फार फुगलेली मिसल संशय आणते, म्हणून एकेका मिसलीत आठाहून जास्त अंक नकोत. खिशात दोन प्रकारचे पैसे ठेवा. इंग्रजांचा कलदार सोलापुरात चालतो, पुढं हाली लागेल, चारमिनारचं चित्र असलेला. शंभर कलदारांना एकशे सोळा हाली आणि वर काही आणे मिळतात.

मद्रासकडे जाणारी गाडी रात्रीची आहे. अक्कलकोट रोड गेलं, दुधनी आलं. दुधनीला डब्यातली बोलणी हळूहळू थांबतात. सोलापूरपासून मोठ्यानं राजकारण बोलणारे गृहस्थ उपरणं तोंडावर ओढून झोपल्याचं सोंग घेतात. पुढचं स्टेशन मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं. रूळ तेच, डबा तोच, बाहेरचं तुरीचं रानही तेच. बदललेला असतो तो फक्त माणसाचा आवाज.

गुलबर्गा स्टेशनावर उतरा. फाटकाशी करोडगिरीची माणसं उभी आहेत. संस्थानात येणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. कापड, तंबाखू, भांडी, काय आहे ते उघडा. त्यांच्याशेजारी एक पोलीस जमादार बाकावर बसला आहे आणि त्याला कापडाशी देणंघेणं नाही.

“कुठून?”

“सोलापूर. वकीलसाहेबांचं काम होतं.”

“दाखवा.”

तो पहिल्या मिसलीची फीत सोडतो. वरचा अर्ज कंदिलाजवळ धरतो. सरकारच्या मोहरेचा स्टॅम्प, खाली अंगठे, गुलबर्ग्याच्याच मुन्सफ अदालतीचं नाव. ओठ हलवत तो दोन ओळी वाचतो. मग अंगठा ओला करून पान उलटतो, आणखी एक उलटतो. तुमच्या पाठीवरून घाम उतरतो आहे, डिसेंबरची थंडी असूनही. तिसरं पान उलटलं की आतली घडी दिसेल. मागून एका म्हातारीची ट्रंक उघडली जाते आणि करोडगिरीचा माणूस नव्या लुगड्यावर हरकत घेतो. लेकीच्या बाळंतपणासाठी आणलं आहे, म्हणत ती भांडायला उठते. कानडीत सुरू झालेलं भांडण मराठीत येतं आणि उर्दूत संपतं. जमादार मान वळवतो. मिसल तुमच्या हातात परत येते, फीत तशीच लोंबती. चालू लागा. धावू नका.

टांग्यानं वकिलांच्या घरी. शहाबादी फरशीची ओसरी, भिंतीशी कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्यावर उर्दू गॅझेटांचे ढीग. काकू काही विचारत नाहीत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अंबाडीची भाजी पुढं ठेवतात आणि अंक देवघराच्या कोनाड्यात जातात. तुम्ही जेवता तेव्हा साहेब पहिला अंक कंदिलापाशी धरून वाचतात, एकदा भरभर आणि एकदा हळू.

गुलबर्ग्याच्या मराठी वकिलांनी या गावासाठी काय केलं हे आजच्या कलबुर्गीत फार थोड्यांना ठाऊक आहे. केशवराव कोरटकर इथंच वकिली करून पुढं हैदराबादला हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. उर्दूत कारभार चालणाऱ्या राज्यात त्या पिढीनं मुलांना मायबोलीत शिकवायचं ठरवलं आणि १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालय उभं राहिलं. या माणसांचा कायद्यावर विश्वास होता. राज्य परकं वाटलं तरी अर्ज करायचा, नकार आला तर तो लेखी मागायचा, लेखी आला की त्यावर अपील करायचं. कोरटकरांच्या पिढीचा हा शिरस्ता तुमच्या साहेबांनी चालवला, आणि आता त्यांचेच हात थबकले आहेत.

त्याचं कारण ते जेवण झाल्यावर तुम्हाला दाखवतात. गश्ती निशान ५३, निजाम सरकारचं परिपत्रक. आगाऊ परवानगीशिवाय सभा भरवायची नाही. आखाड्याला परवानगी, नव्या देवळाला परवानगी, हवनकुंडावरूनही कज्जे. वृत्तपत्र काढायचं तर सरकारची मर्जी हवी आणि ती मर्जी होत नाही. सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीनं सत्याग्रह केला, त्यानंतर तीन दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. गेल्या महिन्यापासून वसतिगृहातली पोरं ‘वंदे मातरम्’ म्हणतात म्हणून कॉलेजातून काढली जाताहेत. त्यांतली शेकडो पुढं नागपूर विद्यापीठ आपल्याकडे घेईल. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. नागपूरला शिकून तेही कायद्याचे पदवीधर होतील, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“उद्या बीदरला जा,” साहेब म्हणतात. “श्यामलाल वकिलांची तब्येत बरी नाही म्हणतात. भेट मिळते का बघ. अर्ज उर्दूत दे, नकार दिला तर लेखी माग.”

पहाटेची मोटार पकडा. निजामाच्या रेल्वेनंच १९३२ पासून या गाड्या सुरू केल्या आहेत. तूर फुलावर आहे, ज्वारी कमरेच्या वर गेली आहे. हुमणाबादला चहा घ्या. माणिकप्रभूंच्या माणिकनगरला जाणारी माणसं इथं उतरतात, त्यांत मुसलमान बायकाही आहेत आणि लिंगायत शेतकरीही. पुढं जमीन तांबडी होत जाते आणि जांभ्या दगडाचं बीदर दिसू लागतं. वेशीतून आत शिरल्यावर महमूद गवानचा मदरसा उजेडात उभा आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर उरलेल्या निळ्या फरशा अजून चमकतात. १४७२ साली ज्या वजिरानं ही विद्येची जागा बांधली, त्याला त्याच्याच सुलतानानं खोट्या पत्राच्या पुराव्यावर मारलं. बीदरला कागदाच्या बळावर माणूस जिवानिशी जाण्याचा इतिहास जुना आहे.

चौबाऱ्यापाशी अर्जनवीस बसतो. पांढरी दाढी, कानामागे बोरू. तुम्ही श्यामलाल वकिलांचं नाव सांगता तेव्हा तो लिहिणं थांबवतो, आजूबाजूला बघतो आणि मग नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही. “वो हमारे भी वकील थे,” एवढंच म्हणतो. ‘थे’ म्हणाला. तुम्ही ते ऐकता आणि पुढं चालू लागता.

श्यामलाल उदगीरचे वकील. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच आहे, आगगाडीनं भालकी आणि कमलनगर ओलांडलं की आलं. त्यांचे भाऊ बन्सीलाल हेही वकील आणि दोघंही आर्य समाजाचे कार्यकर्ते. या भागात लोक त्यांना भाई श्यामलाल, भाई बन्सीलाल म्हणतात. वकिली हे पोटाचं साधन होतं तसं ते हत्यारही होतं. गावोगावच्या शेतकऱ्यांना, तरुणांना अदालतीत उभं राहायला माणूस नव्हता, तो माणूस श्यामलाल झाले. उदगीरच्या खटल्यात सरकारनं त्यांनाच गुंतवलं आणि वकील आरोपी होऊन बीदरच्या तुरुंगात आला. त्याच वर्षी, २७ जूनला, कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, आर्य समाजाचे धर्मप्रकाश मारले गेले. त्याआधी गुंजोटीत वेदप्रकाश. ही दोन्ही गावं बीदरच्या पश्चिमेला आहेत.

तुरुंगाच्या दारावर अर्ज द्या. दारोगा वाचतो. मोहोर मारत नाही, सही करत नाही, नकारही देत नाही. “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांचं वाक्य म्हणता, “मग तसं लिहून द्या.” दारोगा हसतो. त्या हसण्यात दुष्टावा फारसा नाही, थकवा आहे. लिहून दिलं तर उद्या कुणी तरी ते वाचेल, हे त्याला तुमच्याइतकंच कळतं. माझ्या मते मोगलाईच्या अखेरच्या दशकाची सगळी कहाणी या न दिलेल्या कागदात आहे. जुलूम करणारं राज्य माणसाला भितं त्याहून जास्त नोंदीला भितं.

१६ डिसेंबर १९३८. सकाळी चौबाऱ्याखालचं गाव नेहमीसारखं उघडतं. बिदरी काम करणारे कारागीर किल्ल्यातली माती मळताहेत, सुरईवर चांदीची तार ठोकताहेत. बातमी मोठ्यानं कुणी सांगत नाही. अर्जनवीस आज आपल्या जागेवर नाही. तुरुंगाच्या भिंतीपाशी आठ-दहा माणसं उभी आहेत, एकमेकांकडे न बघता. भाई श्यामलाल गेले. छळानं गेले, अशी त्यांच्या सोबत्यांची ठाम धारणा होती आणि ती त्यांनी कधी सोडली नाही. त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास. खटल्याचा निकाल व्हायचा होता.

इथं थोडं थांबा. घाई करू नका. तुम्ही पुढच्या काळातले असल्यामुळे तुम्हाला वाटतं, पुढं दहा वर्षांत सगळं बदलणार आहे. या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांना ते माहीत नाही. त्यांच्यासाठी हा एक वकील होता, जो आता अदालतीत उभा राहणार नाही. त्यांतल्या एकाच्या हातात अजून वकीलपत्र आहे, श्यामलालांच्या नावाचं.

त्यांचा देह सोलापूरला नेण्यात आला आणि अंत्यसंस्कार तिथं झाले. ज्या हद्दीपलीकडे त्यांचं म्हणणं छापलं जाई, त्याच हद्दीपलीकडे त्यांना अग्नी मिळाला. तुम्हीही मोटारीनं, मग गाडीनं परत निघता, या वेळी मिसली रिकाम्या. छापखान्यात तोच कंपोझिटर. नाव, गाव, तारीख, तुरुंग. तो एकेक खिळा उचलतो. ‘श्या’ हे जोडाक्षर त्याच्या केसमध्ये सापडत नाही, म्हणून तो दोन खिळे घासून एकमेकांना जोडतो. त्याला पाच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ छापखान्यात कुणी बोलत नाही.

त्यानंतरचं मी तुम्हाला भरभर दाखवतो. २५ डिसेंबरपासून सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि सत्याग्रहाचा निर्णय झाला. स्टेट काँग्रेसनं २४ डिसेंबरला आपला सत्याग्रह थांबवला होता. १९३९ च्या सुरुवातीला आर्य समाजाचे नेते महात्मा नारायण स्वामी गुलबर्ग्यात पकडले गेले आणि तिथल्याच तुरुंगात गेले. उत्तर हिंदुस्थानातून, पंजाबातून, संयुक्त प्रांतातून जत्थे येत राहिले. गुलबर्ग्याच्या तुरुंगात शेकडो माईल दूरची माणसं ज्वारीची भाकरी खायला शिकली. सत्याग्रहाचं नेतृत्व करणाऱ्या आठव्या सर्वाधिकाऱ्याचा मान केशवराव कोरटकरांचे चिरंजीव, बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार यांच्याकडे आला. ऑगस्ट १९३९ मध्ये सत्याग्रह मिटला. काही सवलती मिळाल्या, राज्य होतं तसंच राहिलं.

आता दहा वर्षं ओलांडा. मे १९४८. कल्याणीजवळच्या गोरट्याच्या माळावर उभे राहा, पण फार वेळ राहू नका. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी या गावात दोनशेच्या आसपास माणसं मारली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हाही वकीलच होता, लातूरचा. उदगीर आणि लातूर यांच्यात साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर. एकाच कायद्याची पुस्तकं, एकाच उर्दूत चालणाऱ्या अदालती, आणि त्यांतून एक श्यामलाल निघाला, एक रझवी. सनद माणसाला काही बनवत नाही. ती कुणासाठी वापरायची, हे माणूस ठरवतो.

ही लढाई हिंदू-मुसलमानांची होती असं ज्यांना वाटतं, त्यांना त्याच वर्षीच्या २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत घेऊन जा. शोएबुल्ला खान, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा संपादक, वय अठ्ठावीसच्या आतबाहेर. हैदराबादनं हिंदुस्थानात सामील व्हावं असं सात मुस्लिम मान्यवरांचं निवेदन त्यानं छापलं होतं. कचेरीतून घरी परतताना त्याला गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. कुर्बान हुसेन आणि शोएबुल्ला या दोघांची नावं मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकात शेजारीशेजारी असायला हवीत.

१३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरहून भारतीय फौजेचे रणगाडे निघाले. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमणाबाद. तुम्ही मोटारीत बसून ज्या वाटेनं बीदरला गेलात, ती त्यांना हुमणाबादला मिळाली. १७ तारखेला निजामाच्या फौजेनं शरणागती दिली. लोक रस्त्यावर आले, गुलाल उधळला गेला, तुरुंगांची दारं उघडली. तुम्हीही त्या गर्दीत असाल तर नाचा, तो आनंद खरा होता.

पण मागच्या गल्लीतही जा. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस हा मुलूख पाहिला आणि लिहिलं की पोलीस कारवाई म्हटल्या जाणाऱ्या या मोहिमेच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सर्वांत वाईट हाल झाले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. हा अहवाल कितीतरी दशकं उजेडात आला नाही. चौबाऱ्यापाशी बसणाऱ्या त्या पांढऱ्या दाढीच्या अर्जनवीसाचं त्या दिवसांत काय झालं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही. लेखी हुकूम मागणाऱ्या वकिलांची परंपरा आपली म्हणायची असेल, तर हा अहवालही आपणच वाचायला हवा. नोंद आपल्या बाजूची असली तर जपायची आणि गैरसोयीची असली तर कपाटात घालायची, हे त्या दारोगाचं काम होतं. श्यामलालांचं नव्हतं.

स्वामी रामानंद तीर्थ १९५२ साली गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. बीदर, भालकी, हुमणाबाद, कल्याणी आणि औराद म्हैसूर राज्याकडे. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्याकडे. जहीराबाद आंध्रकडे. उदगीरचा वकील, बीदरच्या तुरुंगातला मृत्यू, सोलापूरचा छापखाना आणि हैदराबादचं गृहखातं, ही एकाच माणसाची कहाणी आज महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणात विखुरली आहे. सतरा सप्टेंबरला लातूरमध्येही झेंडा फडकतो आणि कलबुर्गीतही. एकीकडे मराठीत भाषण होतं, दुसरीकडे कानडीत, आणि श्यामलालांचं नाव दोन्हीकडे ओझरतं येतं.

आता तुम्ही परत या. मोबाइल घ्या, टोपी काढा. एक शेवटची गोष्ट मात्र लक्षात ठेवून या. त्या रात्री गुलबर्ग्याच्या घरात तुम्ही आणलेले अंक कुणी सांभाळून ठेवले नाहीत. एकानं वाचायचा, चौघांना ऐकवायचा, पुढच्या गावी धाडायचा आणि अखेरच्या माणसानं चुलीत घालायचा, हाच नियम होता. म्हणूनच फार थोडे उरले.

त्यामुळे एक विनंती. भालकी, उदगीर, बसवकल्याण, आळंद, हुमणाबाद या भागांत तुमचं जुनं घर असेल, आजोबा किंवा पणजोबा वकील, मास्तर, अर्जनवीस किंवा स्टेशनावरचे कारकून असतील, तर या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक स्वतः उतरवा. मराठी, कानडी, उर्दू, काय असेल ते बघा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. ‘सारथी’ किंवा ‘रणदुंदुभी’ असं नाव असलेला एखादा पिवळा, घड्या पडलेला अंक निघाला तर रद्दीवाल्याला देऊ नका. त्याचे फोटो काढा आणि जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा पुराभिलेखागाराला कळवा. तो कागद अजून पुरावा आहे.